खेळातल्या विटांचा पूल कुठे सुटतो

नमस्कार मंडळी. समोर शिक्षक आहेत, पालक आहेत, आणि मागच्या बाकांवर ज्यांच्या डब्यांतल्या विटा आज इथे आल्या आहेत ती मुलंही आहेत. तेव्हा प्रास्ताविकात वेळ घालवत नाही.

प्लॅस्टिकच्या विटांचा पूल कोसळल्यावर खाली पडलेले तुकडे नीट बघा. एकही वीट फुटलेली नसते, फक्त सांधे सुटलेले असतात. ही वीट दाबाला भक्कम आहे. आडव्या सरकण्यालाही ती बऱ्यापैकी दाद देत नाही. पण दोन विटा एकमेकींपासून उचकटायला तिसरीतल्या पोराची नखं पुरतात. म्हणून पूल बांधायला बसण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: वजन आलं की उचकटणार कुठे? आज जे जे सांगणार आहे ते या एका प्रश्नाचंच उत्तर आहे.

आधी मापं, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर आहे. लेगोच्या विटेवर जे गोल उंचवटे असतात ती बटणं; दोन शेजारच्या बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर. बटण सोडून विटेची उंची ९.६, आणि पातळ प्लेटची ३.२. म्हणजे तीन प्लेटा मिळून एक वीट. विटेच्या पोटात ज्या नळ्या दिसतात, त्यांच्यामुळे खालची बटणं घट्ट धरली जातात. त्या रचनेच्या पेटंटसाठी डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. बाजारात याच मापाच्या स्वस्त विटाही मिळतात. त्या चालतात, पण एका पुलात दोन जातींच्या विटा मिसळू नका. पकड कमी-जास्त असते आणि पूल नेमका सैल विटेपाशी सुटतो.

सुरुवात साकवापासून करू. पऱ्ह्यावर पोफळीची खोडं आडवी टाकून करतात तो साकव म्हणजे तुळईचा पूल. अंतर २४ बटणांचं घ्या, म्हणजे १९२ मिलिमीटर. दोन्ही काठांवर दोन-दोन बटणं टेकायला हवीत, म्हणून तुळई २८ बटणांची. खालच्या थरात दोन बाय चार बटणांच्या सात विटा. वरच्या थरात दोन्ही टोकांना दोन बाय दोनची एकेक आणि मध्ये दोन बाय चारच्या सहा. म्हणजे वरचा प्रत्येक सांधा खालच्या विटेच्या मधोमध येतो. गवंडी जांभ्याची भिंत चढवताना सांधमोड करतो, तीच इथे.

आता मध्यावर बोटाने दाबा. वरच्या विटा एकमेकींवर रेटल्या जातात, त्यांना काही होत नाही. खालच्या थरातल्या, मध्याजवळच्या दोन सांध्यांत मात्र फट पडते. तुळई वाकली की तिच्या पोटाला ताण बसतो, आणि खालच्या थरात दोन विटांना शेजारी-शेजारी धरून ठेवणारं काहीच नाही. उपाय अगदी स्वस्त आहे: पोटाखाली लांब प्लेटा लावा. दोन बाय दहाच्या दोन आणि त्यांच्या मध्ये दोन बाय आठची एक, मिळून बरोबर २८. प्लेटांचे सांधे दहाव्या आणि अठराव्या बटणाशी येतात, खालच्या थरातल्या विटांचे चारच्या पाढ्यात. कुठेच एकमेकांखाली येत नाहीत आणि मध्य मोकळा राहतो. हौसेने चार, आठ, आठ, आठ अशा प्लेटा लावाल, तर तिन्ही सांधे विटांच्या सांध्यांखालीच येतील आणि प्लेटा लावल्याचा उपयोग शून्य.

मुलं नेहमी विचारतात, दोन थर दिले की ताकद दुप्पट का? थर नुसते एकावर एक ठेवले, तर ताठपणा दुप्पट. थर एकजीव झाले, तर आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. बटणांनी जोडलेले थर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात. उलट बाजूने, अंतर दुप्पट केलं की तेवढ्याच वजनाला मध्याचा झोल आठपट होतो. म्हणून साकवाचंच मोठं रूप करून खाडी ओलांडता येत नाही. तिथे कैची लागते.

कौलारू घराच्या छपरात सुतार कैची घालतो, तोच विचार पुलाला. बटणांवर विसंबायचं नाही. लेगोच्याच टेक्निक नावाच्या प्रकारातल्या भोकांच्या पट्ट्या आणि पिना घ्यायच्या. पिन ओढून निघत नाही, कारण ताण पिनेला आडवा बसतो. भोकांतलं अंतरही ८ मिलिमीटरच. इथे हमखास होणारी चूक म्हणजे भोकं मोजणं. अकरा भोकांच्या पट्टीत अंतरं दहाच असतात. त्रिकोण अंतरांवर जुळतो, भोकांवर नाही.

आपला त्रिकोण असा: पाया १२ अंतरांचा, उंची ८, दोन्ही तिरक्या बाजू १०. अर्धा पाया ६, म्हणजे ६-८-१० हा काटकोन त्रिकोण; पायथागोरस इथे मुलांच्या हातात येतो. असे चार त्रिकोण ओळीने मांडले की ४८ अंतरं, ३८४ मिलिमीटर. एका कैचीला तिरक्या, म्हणजे अकरा भोकांच्या, पट्ट्या आठ. त्रिकोणांच्या खालून आणि वरून जाणारी लांब आडवी बाजू म्हणजे पट्टा, तो तुकडे जोडून करायचा. खालच्या पट्ट्याला ४९ भोकं हवीत: ५, १३, १३, १३, ५ असे तुकडे. त्रिकोणांचे सांधे पहिल्या, तेराव्या, पंचविसाव्या, सदतिसाव्या आणि शेवटच्या भोकात. तुकड्यांचे जोड त्यांपासून दूर पडतात, आणि प्रत्येक जोडावर सात भोकांची पट्टी ठिगळासारखी बसवायची, जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन काळ्या पिना. वरचा पट्टा ३७ भोकांचा: १५, ७, १५. त्याच्या दोन्ही जोडांवर मिळून अकरा भोकांची एकच पट्टी, चौदाव्यापासून चोविसाव्या भोकापर्यंत, बरोबर मावते.

मधल्या प्रत्येक सांध्यावर तीन पट्ट्या येतात: पट्टा, उजवीकडे झुकलेली तिरकी, डावीकडे झुकलेली तिरकी. तिथे, आणि टोकांच्या सांध्यांतही, निळी, तीन पट्ट्यांच्या जाडीएवढी लांब पिन. झुकावाप्रमाणे थर ठरवून टाका आणि शेवटपर्यंत तोच पाळा. मध्येच बदललात की पट्टी पिळली जाते आणि पिन अर्धवट बसते. दोन कैच्यांना मिळून अकरा भोकांच्या १८ पट्ट्या, तेराच्या ६, पंधराच्या ४, सातच्या १० आणि पाचच्या ४ लागतात. निळ्या पिना १८, काळ्या चाळीस-पंचेचाळीस.

मग दोन कैच्या समोरासमोर उभ्या करायच्या. खालच्या पट्ट्यात, मधल्या तीन सांध्यांच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या भोकातून १२ बटणांएवढे लांब आडवे दांडे, आणि ते सरकू नयेत म्हणून पट्ट्याच्या आत-बाहेर बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी छोटी कडी. लगतचं भोक वापरू नका, बुश तिरक्या पट्टीला घासतो. दांड्यांवर प्लेटांचा रस्ता. वर काही न जोडता सोडलं, तर वरचा पट्टा दाबाखाली बाजूला लवतो आणि अख्खी कैची कलंडते. खरं सांगायचं तर वर्गात कोसळणारे बहुतेक कैचीचे पूल असेच जातात. त्रिकोण शाबूत असतात. नुसत्या दांड्यांनी भागत नाही, चौकोन तिरका होतो. वर एक-दोन ठिकाणी ५ बाय ७ ची टेक्निक चौकट पिनांनी बसवा.

चाचणी दोन स्टुलांच्या मध्ये. दोन्ही कैच्यांच्या मधल्या खालच्या सांध्यांना सुतळीचा फास आणि त्याला बादली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनं शोधायला नकोत. बादलीसकट चार किलो झालं, तर प्रत्येक कैचीवर दोन. मग वरच्या पट्ट्याच्या मध्यावर तीन किलोचा दाब, खालच्या पट्ट्यात मध्याजवळ सव्वादोन किलोचा ताण, आणि प्रत्येक तिरक्या पट्टीत सव्वा किलो, आळीपाळीने दाब आणि ताण. फास सांध्याऐवजी दोन सांध्यांच्या मध्ये अडकवलात, तर तिथला जोड वाकून उघडतो. मग दोष पुलाला देऊ नका. बादली जमिनीपासून चार बोटांवरच ठेवा.

खांबांचं थोडक्यात. दोन बाय दोनच्या विटांचा मनोरा डुलतो. दोन बाय चारच्या चार विटा चक्रासारख्या मांडा: बाहेरून सहा बाय सहा, मध्ये दोन बाय दोनचं भोक. पुढच्या थरात चक्र उलटं फिरवा. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे. २०० पटीने लहान केला, तर उंची ३२ सेंटिमीटर, म्हणजे ३३ विटा आणि एक प्लेट. अशा एका खांबाला दोन बाय चारच्या १३२ विटा. लांबी २६५ बटणं. वर्गात दोन-तीन टेबलं जोडावी लागतील.

पण या पुलाची खरी गंमत तो बांधण्यात आहे. एवढ्या खोल दरीत खालून परांची उभारण्याऐवजी तुळई एका टोकाला तयार करत करत पुढे ढकलली गेली. भारतात ही पद्धत प्रथम इथे वापरली. विटांची तुळई तशी ढकलून बघा. पुढच्या खांबाला टेकण्याआधी ती हवेत अधांतरी असते, आणि तेव्हा ताण पोटाला नाही, पाठीला बसतो. तोही चौपट: दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईला स्वतःच्या वजनाने जेवढं वाकवणारं बळ मध्यावर येतं, त्याच्या चौपट इथे खांबावर येतं. म्हणून ढकलायच्या तुळईला लांब प्लेटा खाली आणि वर, दोन्हीकडे. पुढच्या टोकाला पंधरा भोकांच्या दोन हलक्या पट्ट्यांचं नाक लावा, म्हणजे खांब लवकर गाठता येतो. मागचं टोक एकाने दाबून धरायचं, नाहीतर तुळई नाकावर आपटते.

शेवटी सामानाबद्दल. आपल्याकडची तांबडी धूळ आणि किनाऱ्यावरची बारीक रेती नळ्यांत बसली की बटण पूर्ण आत जात नाही. विटा कोमट पाण्यात धुवा, ४० अंशांपेक्षा गरम नको, आणि सावलीत सुकवा. उन्हात पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात. पूल सोडवताना गडद रंगाच्या पट्ट्या आणि पिना उजेडात धरा. भोकाजवळ पांढुरका पट्टा दिसला, तर तिथे प्लॅस्टिक ताणलं गेलं आहे. तो तुकडा वेगळ्या डब्यात टाका, कठड्याला वापरा, कैचीत नको.