मुक्या जिवाची माती आणि तिचा खर्च

मी पशुवैद्य आहे. गेल्या उन्हाळ्यात रात्री साडेअकराला मला एक फोन आला. त्या घरातला लॅब्रॅडॉर तासाभरापूर्वी गेला होता, बारा वर्षांचा होऊन. फोनवर घरातली सून होती. म्हणाली, "मॅडम, एका ठिकाणी चौकशी केली, ते सगळं मिळून अठरा हजार म्हणतायत. फुलांनी सजवलेली गाडी, भटजी, फोटोची फ्रेम, अस्थींना पितळी कलश. सासरे म्हणतात, हा वेडेपणा आहे. मुलगा म्हणतो, करायचंच. तुम्ही सांगा, करावं का?"

मी म्हणाले, "तुम्हाला पटेल तसं करा." फोन ठेवला आणि मला स्वतःचा राग आला. पहिल्या लशीपासून म्हातारपणातल्या सांधेदुखीपर्यंत त्या कुत्र्याच्या बाबतीतलं सगळं मीच सांगितलं होतं, आणि शेवटच्या प्रश्नाला मात्र मी अंग काढून घेतलं. त्या फोनला द्यायचं राहून गेलेलं उत्तर मी आज तुमच्यासमोर देणार आहे.

माझी सुरुवातीची नोकरी माण तालुक्यातली. तिथं कुत्र्याला घेऊन दवाखान्यात कुणी येत नसे. यायचे ते बैल, म्हशी, शेरडं. एका शेतकऱ्याचा बैल पोटफुगीनं गेला. मी पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. त्या माणसानं आणि त्याच्या दोन भावांनी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत बांधाकडेला खड्डा खणला. घरातल्या बाईनं बैलाच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, तोंडाशी भाकरीचा तुकडा ठेवला. मग खडे मीठ, मग माती. पुढं कळलं की त्यानं दहाव्याला डोकं भादरलं आणि भावकीला जेवण घातलं. मी विचारलं तर म्हणाला, "ह्याच्या जिवावर दोन पोरं शिकली, बाई." अशा बातम्या आजही जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून येतात आणि शहरात त्या कौतुकानं वाचल्या जातात.

त्या मातीला खर्च किती आला? वरवर पाहिलं तर मिठाचं एक पोतं. पण नीट हिशेब मांडा. तीन माणसांची अख्ख्या दुपारची मेहनत होती. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्याला स्वतःचा बांध होता. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं, परसात पुरलं की झालं," असं म्हणणाऱ्या सासऱ्यांना परस होतं. सुनेकडे दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि खाली पार्किंगच्या फरशा. जुन्या माणसांना जो खर्च दिसला नाही, तो जमिनीत आणि घरच्या माणसांच्या हातांत दडलेला होता.

आणि नेहमी घरच्याच हातांत होता असंही नाही. हे बोलल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. बहुतेक गावांत मेलेलं ढोर मालक पुरत नव्हता. ते ओढून गावाबाहेर न्यायचं काम जन्मानं एका समाजावर लादलेलं होतं. त्या कामाचा मोबदला म्हणजे कातडं आणि मृत मांस, आणि त्यावरून पुन्हा त्यांनाच अस्पृश्य ठरवायचं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचं आवाहन केलं. मेलेली ढोरं ओढायचं नाकारणं हा त्या लढ्याचाच भाग होता. तेव्हा 'पूर्वी हे सगळं फुकट व्हायचं' असं कुणी म्हणालं, की ते कुणाच्या पाठीवर व्हायचं हे आपण विचारलं पाहिजे. मेलेलं जनावर उचलणं, नेणं, खणणं, जाळणं हे काम आहे. त्याला रोख पैसे, हातमोजे आणि गाडी लागते. एवढ्या भागासाठी मोजलेल्या पैशाला मी कधीच चैन म्हणणार नाही.

गावाबाहेर टाकलेल्या ढोराचं पुढं काय व्हायचं? गिधाडं यायची. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी हाडकीवर त्यांचा थवा बघितला आहे. तासा-दोन तासांत सांगाडा उरायचा. मग ती येईनाशी झाली. कारण होतं डायक्लोफेनॅक. ताप आणि दुखणं उतरावं म्हणून आम्ही पशुवैद्य ते गुराढोरांना टोचत होतो. ते औषध अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर बहुतेक आभाळ रिकामं झालं होतं. ती इंजेक्शनं मीही दिलेली आहेत. हे मला आजही जड जातं.

हे सांगण्याचं कारण असं, की तीच गोष्ट तुमच्या मांजरा-कुत्र्यालाही लागू आहे. दयामरणासाठी वापरलं जाणारं पेंटोबार्बिटलसारखं औषध मेलेल्या शरीरात बराच काळ टिकतं. असं शरीर उकिरड्यावर किंवा नाल्याकाठी पडलं, तर ते खाणारी घार, कावळा, दुसरं कुत्रं, कुणीही मरू शकतं. रात्री पिशवीत बांधून कचराकुंडीजवळ ठेवून येणारी सुशिक्षित घरं मला ठाऊक आहेत. तिथं खर्च वाचत नाही, तो दुसऱ्याच्या माथी मारला जातो.

पॅरिसला हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी पडला होता. लोक मेलेली कुत्री सीन नदीत सोडत, नाही तर कचऱ्यात टाकत. १८९८ च्या कायद्यानं त्याला आळा घातला, मेलेलं जनावर वस्तीपासून दूर आणि पुरेसं खोल पुरायला लावलं. लगेच पुढच्या वर्षी नदीकाठी आनिएर इथं कुत्र्यांची दफनभूमी सुरू झाली. तिचं दगडी प्रवेशद्वार, पुतळे, फुलं यांचे फोटो आज सगळे बघतात, पण तिच्या मुळाशी आरोग्याचा साधा प्रश्न होता. लंडनला १८८१ मध्ये हाइड पार्कच्या एका दरवाज्यावरच्या रखवालदारानं ओळखीच्या कुटुंबाचं चेरी नावाचं कुत्रं आपल्या बागेत पुरू दिलं. मग एकामागून एक शेकडो चिमुकले दगड तिथं उभे राहिले, आणि १९०३ मध्ये ती दफनभूमी बंद करावी लागली. शहर वाढलं, माती संपली, की ही गरज निर्माण होते. आपल्याकडे ती आता निर्माण झाली आहे.

जनावराला मानानं माती देणं हे खूळ बाहेरून आलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आळेफाट्याजवळच्या आळे गावी जाऊन यावं. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथं आहे, तिचं मंदिर आहे, तिथं यात्रा भरते. रायगडावरच्या वाघ्याचा विषय तुमच्या मनात आला असेल. तो वाद इतिहासाच्या पुराव्यांचा आहे, आजच्या विषयात मी तो आणत नाही.

आता त्या अठरा हजारांकडे येते. त्यातला गाडीचा, माणसांचा, दाहिनीच्या गॅसचा पैसा मला मान्य आहे. उरलेला पैसा कशाचा असतो? इतकी वर्षं टेबलापलीकडे उभी राहून मी जे बघितलं ते सांगते. सर्वांत मोठं बिल सर्वांत जास्त जीव लावणाऱ्याचं असतंच असं नाही. पुष्कळदा ते टोचणी लागलेल्याचं असतं. जो शेवटच्या दिवशी दौऱ्यावर होता, ज्यानं उलट्या चार दिवस अंगावर काढल्या, ज्यानं ऑपरेशनच्या खर्चाला नाही म्हटलं. 'तेव्हा केलं नाही, आता तरी सगळं करतो' असं तो म्हणतो, आणि रात्री साडेअकराला फोन उचलणाऱ्या माणसाला हे बरोबर कळतं. त्या माणसाला मी वाईट म्हणत नाही, त्याचाही धंदा आहे. पण त्या घटकेला आपण कशालाही हो म्हणतो. आणि टोचणी कलशानं जात नाही. कलश कपाटात राहतो, आणि कपाट उघडलं की ती पुन्हा समोर येते.

दुसरी गोष्ट, आपण ज्याचे पैसे देतो ते खरंच झालं का, हे बहुतेकांना कळायला मार्ग नसतो. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९९१ मध्ये उघडकीला आलं, की स्वतंत्र दफनाचे आणि स्वतंत्र दहनाचे पैसे घेऊन जनावरं सरसकट एका खड्ड्यात टाकली जात होती. लोक वर्षानुवर्षं ज्या राखेला आपलं लेकरू समजत होते, ती कुणाची होती कोण जाणे. म्हणून मी घरच्यांना सांगते, 'स्वतंत्र दहन' म्हणून जास्त पैसे मोजणार असाल तर स्वतः तिथं जा, दार बंद होईपर्यंत उभे राहा. उभं राहू देत नसतील तर ते पैसे मोजू नका. २०२३ मध्ये मुंबई महापालिकेनं मालाडला पाइपच्या गॅसवर चालणारी लहान प्राण्यांची दाहिनी सुरू केली, ती विनामूल्य. प्रत्येक शहराला अशी दाहिनी हवी आणि आपण ती नगरसेवकांकडे मागितली पाहिजे. ज्या आजींच्या पेन्शनमध्ये मांजराचं खाणंही जेमतेम बसतं, त्यांच्या मांजरालाही तेवढीच नीट माती मिळाली पाहिजे.

आता मला हवाहवासा वाटणारा एक खड्डा सांगते. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथं १९१४ मध्ये खाणीत एक दफन सापडलं, साधारण चौदा हजार वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई आणि सोबत कुत्र्याचं पिल्लू, सातेक महिन्यांचं. पुढं त्याचे दात तपासणाऱ्यांना दिसलं, की त्या पिल्लाला बहुधा डिस्टेंपर झाला होता, एकदा नव्हे, त्या आजाराचे झटके काही आठवडे येत राहिले होते. डिस्टेंपर म्हणजे काय ते मला विचारा. नाका-डोळ्यांतून घाण वाहते, हगवण लागते, आकड्या येतात, पिल्लू स्वतः पाणीही पीत नाही. कुणी पुसलं नाही, पाजलं नाही, ऊब दिली नाही तर ते काही दिवसांत संपतं. हे पिल्लू काही आठवडे तगलं. म्हणजे शिकारीवर जगणाऱ्या, बर्फाळ काळातल्या कुणीतरी कामाला न येणाऱ्या त्या पिल्लाला रात्ररात्र जवळ घेतलं होतं. ते थडगं मला मोठं वाटतं ते त्या रात्रींमुळे. आज एका लशीत टळणारा तो आजार आहे, आणि लस चुकलेली पिल्लं मी अजून दर पावसाळ्यात बघते.

एवढ्यावर मी थांबले असते तर माझं उत्तर सोपं होतं: जिवंतपणी खर्च करा, मेल्यावर साधेपणानं निरोप द्या. बरीच वर्षं मी हेच सांगत होते. एका काकांनी मला त्यात दुरुस्ती करायला लावली.

काका सत्तरी ओलांडलेले, बायको गेलेली, मुलगी परदेशात. सोबतीला एक गावठी कुत्री. ती गेली तेव्हा त्यांनी शहराबाहेर पाळीव प्राण्यांसाठीच्या खासगी जागेत पैसे भरून एक कोपरा घेतला, नाव कोरलेला दगड बसवला. त्यांच्या ऐपतीच्या मानानं रक्कम मोठी होती. मी म्हणाले, "काका, एवढ्या पैशांत दहा भटक्या कुत्र्यांची नसबंदी झाली असती." ते शांतपणे म्हणाले, "झाली असती, डॉक्टर. पण दर रविवारी मला घराबाहेर कोण काढेल?" बारा वर्षं ती कुत्री त्यांना रोज दोन वेळा जिने उतरायला लावत होती. तेवढंच त्यांचं बाहेरच्या जगाशी येणं-जाणं होतं. आता चार वर्षं झाली, ते दर रविवारी बसनं तिथं जातात. दगडाभोवतीचं गवत काढतात. तिथं येणारी आणखी दोन-तीन माणसं त्यांच्या ओळखीची झाली आहेत. एकीच्या मुलाच्या लग्नाला ते जाऊन आले. मी कुत्र्याच्या दफनाचा खर्च मोजत होते आणि काकांनी स्वतःच्या जगण्याचा बंदोबस्त केला होता. त्यांचा निर्णय मी असा धुडकावायला नको होता. त्यानंतर मी दगड, फलक, जागा यांना सरसकट नाही म्हणणं सोडलं.

पण त्यांनाही मी एक गोष्ट विचारायला लावली: जागा किती वर्षांसाठी, आणि जमीन विकली गेली तर? अशा जागा बहुतेकदा भाड्यानं असतात. आनिएरची एवढी नावाजलेली दफनभूमीसुद्धा १९८७ मध्ये बंद व्हायच्या बेतात होती, सरकारनं वारसा म्हणून संरक्षण दिलं म्हणून टिकली. आपल्याकडे शहराबाहेरची जमीन दहा वर्षांत काय होते हे तुम्ही जाणता. काकांनी करार लिहून घेतला.

तर त्या सुनेला आज मी काय सांगितलं असतं? आधी मुलाला कुत्र्याजवळ बसू दे, शाळा बुडली तरी चालेल. सजवलेली गाडी नको, साधी गाडी पुरे. भटजी तुमच्या घरात एरवी येत असतील तर जरूर बोलवा, फक्त यादीत आहेत म्हणून नको. दहनाला स्वतः जा, सासऱ्यांनाही न्या. कलशाचं रात्री ठरवू नका, महिन्यानं ठरवा. गावाकडे शेत असेल तर तिथं पुरा, पण चार फूट खोल आणि विहिरीपासून लांब. मीठ फार ओतू नका, त्यानं शरीर लवकर मातीत मिळतं हा समज चुकीचा आहे, उलट कुजणं मंदावतं. कुत्रं पिसाळल्याचा संशय असेल तर उघड्या हातानं शिवू नका, आधी डॉक्टरांना कळवा.

आणि गाडीवर जो माणूस येईल, त्याच्याशी पैशांची घासाघीस करू नका. त्याला नाव विचारा, पाणी द्या. काम झाल्यावर हात धुवायला साबण आणि तांब्या पुढं करा, जिन्याखालचा नळ दाखवू नका, घरातलं बेसिन दाखवा.