विंटन मार्सालिस: त्याच ओठांवर जॅझ, त्याच ओठांवर हायडन

नमस्कार मंडळी. हेडफोन जवळ घेऊन बसा, कारण आज मधे मधे ऐकायलाही लागणार आहे.

28 फेब्रुवारी 1984. लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा समारंभ. 22 वर्षांचा अमेरिकन ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस मंचावर येतो. आधी ऑर्केस्ट्राबरोबर पाश्चात्त्य शास्त्रीय रचना वाजवतो, मग आपल्या गटाबरोबर जॅझ. त्या वर्षी त्याला दोन्ही प्रकारांतलं ग्रॅमी मिळालं. एकाच वर्षी दोन्हींत ग्रॅमी मिळवणारा तो पहिला. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा दोन्ही मिळवले.

त्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं की त्याने जॅझ आणि शास्त्रीय संगीत एकत्र आणलं. त्याच्या तरुणपणापुरतं मला हे पटत नाही. मला त्याचं मोठेपण नेमकं उलट गोष्टीत दिसतं. हायडन या अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकाराची रचना वाजवताना त्याने जॅझचा एक थेंबही आत येऊ दिला नाही, आणि जॅझ वाजवताना शास्त्रीय शिस्त मिरवली नाही. हे किती अवघड आहे ते कळायला आधी ट्रम्पेट समजून घेऊ.

(टेबलावरचा ट्रम्पेट हातात घेऊन)

आपण हे वाद्य वरातीच्या बँडमध्ये पाहिलेलं असतं. जवळपास दीड मीटरची पितळी नळी, गुंडाळलेली. पण नुसती हवा फुंकली तर यातून काहीच येत नाही. ओठ मिटून घ्या, गाल घट्ट ठेवा आणि ओठांच्या मधोमध हवा सोडा. प्रर्रर्र. ही ओठांची थरथर म्हणजे ट्रम्पेटचा आवाज. नळी त्याला मोठं करते आणि रूप देते. बटणं फक्त तीन. मधलं दाबलं की सूर अर्ध्या स्वराने खाली, पहिलं दाबलं की एका स्वराने, तिसरं दाबलं की दीड स्वराने. तिन्हींची सगळी मिळवणी केली तरी नळीच्या सातच वेगवेगळ्या लांब्या मिळतात. बाकी सगळे सूर त्याच सात लांब्यांमधून ओठांनी शोधायचे. एकच बटण दाबलेलं असताना खालचा सा निघेल की वरचा, हे ओठांचा ताण आणि हवेचा वेग ठरवतात. एका केसाचा फरक पडला की सूर फाटतो आणि पूर्ण सभागृहाला ऐकू जातो. व्हायोलिनवाल्याची चूक कधी कधी झाकली जाते, ट्रम्पेटवाल्याची कधीच नाही.

आता या ओठांना दोन संगीतं काय काय मागतात ते बघा. शास्त्रीय वादनात सुराची सुरुवात दर वेळी स्वच्छ हवी, जिभेचा आघात मोजून मापून हवा, सूर शेवटपर्यंत सरळ हवा, आणि कागदावर आहे तेच हवं. जॅझमध्ये सूर खालून घासत वर यावा लागतो, काही सूर अर्धवट गिळावे लागतात, बटण अर्धंच दाबून आवाज मुद्दाम चोंदवावा लागतो, घशातून गुरगुर आणावी लागते. आणि लयीत स्विंग हवा, म्हणजे समान लांबीच्या दोन मात्रांतली पहिली जरा रेंगाळते, दुसरी जरा उशिरा येते. ख्यालाच्या विलंबित एकतालात बसणाऱ्या तबलजीने त्याच रात्री लावणीची ढोलकी हातात घ्यावी, आणि दोन्हीकडच्या जाणकारांनी त्याला आपला माणूस म्हणावं, इतकं हे अवघड आहे. हात शिकतात हो, पण सवयी एकमेकींच्या घरात शिरतात.

विंटनचा जन्म 18 ऑक्टोबर 1961 चा, न्यू ऑर्लीन्सचा. वडील एलिस मार्सालिस पियानोवादक आणि मोठे शिक्षक. थोरला भाऊ ब्रॅनफर्ड सॅक्सोफोन वाजवतो, डेल्फियो ट्रॉम्बोन, जेसन ड्रम्स. पहिला ट्रम्पेट सहाव्या वर्षी मिळाला, तो अल हर्ट यांच्याकडून. हर्ट त्या शहरातले प्रसिद्ध ट्रम्पेटवादक, आणि एलिस त्यांच्या बँडमध्ये वाजवत. हा प्रसंग विंटनने स्वतः पुष्कळदा सांगितलाय: तिथे जॅझमधले दिग्गज ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसही बसले होते आणि त्यांनी एलिसना सांगितलं की पोराला दुसरं काही दे, ट्रम्पेट फार अवघड आहे. माइल्सचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आठव्या वर्षी तो डॅनी बार्कर यांनी चर्चच्या मुलांसाठी उभ्या केलेल्या बँडमध्ये गेला. म्हणजे न्यू ऑर्लीन्सची जुनी परंपरा, मिरवणुका, रस्त्यावरचं वादन, थेट कानावर. मनापासून रियाज मात्र बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू झाला. तिथून त्याने वेळ वाया घालवला नाही. एकीकडे ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनच्या जॅझ रेकॉर्ड्स, दुसरीकडे मोरिस आंद्रे या फ्रेंच वादकाच्या शास्त्रीय रेकॉर्ड्स. मोरिस आंद्रे हा खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही तरुणपणी खाणीत काम केलेला, आणि विसाव्या शतकातला सर्वांत नावाजलेला शास्त्रीय ट्रम्पेटवादक झालेला. त्याच्यावर कधीतरी वेगळा व्हिडिओ करायलाच हवा.

14 व्या वर्षी विंटनने न्यू ऑर्लीन्स फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर हायडनचा कॉन्सर्टो वाजवला. कॉन्सर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली रचना. 17 व्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या टँगलवूडच्या उन्हाळी संगीत केंद्रात त्याला प्रवेश मिळाला. तिथली वयाची अट 18 ची होती, त्याच्यासाठी ती बाजूला ठेवली. 1979 मध्ये तो न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित संगीतशाळेत गेला, आणि पुढच्याच वर्षी ड्रमर आर्ट ब्लेकी यांच्या जॅझ मेसेंजर्स या गटात. ब्लेकींचा गट म्हणजे फिरती शाळाच. तिथे चूक दाखवायला गुरुजी नसत, मागून ड्रम वाजत असत. तुमचा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, लांबला, रेंगाळला, तर ब्लेकी ड्रमवर असा काही धक्का देत की पुन्हा तसं करायची हिंमत होत नसे. जुलियार्डचं शिक्षण त्याने अर्धवट सोडलं. 1981 मध्ये पियानोवर हर्बी हॅन्कॉक, बासवर रॉन कार्टर आणि ड्रमवर टोनी विल्यम्स या तिघांबरोबर तो दौऱ्यावर गेला. हे तिघेही एकेकाळी माइल्स डेव्हिसच्या गटातले. वय 19.

कोलंबिया रेकॉर्ड्सने त्याच्याशी जॅझ आणि शास्त्रीय अशा दोन्ही विभागांसाठी करार केला. 1983 मध्ये त्याची शास्त्रीय रेकॉर्ड आली: हायडन, हुमेल आणि लिओपोल्ड मोझार्ट यांचे कॉन्सर्टो, संचालक रेमंड लेपर्ड.

(इथे हायडनच्या तिसऱ्या भागाची क्लिप)

या रचनेमागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हायडनने ती 1796 मध्ये लिहिली, व्हिएन्नाच्या अँटोन वाइडिंगर या वादकासाठी. तेव्हा ट्रम्पेटला बटणं नव्हती. साध्या नळीतून मोजकेच नैसर्गिक सूर निघत, आणि खालच्या पट्टीत ते इतके लांब लांब की सलग चाल वाजवणं अशक्य. वाइडिंगरने भोकं आणि चाव्या असलेला ट्रम्पेट वापरात आणला. त्यामुळे खालच्या पट्टीतही सलग सूर मिळू लागले. म्हणून हायडनने ट्रम्पेटला तिथे अगदी साधी, गाण्यासारखी चाल दिली. आज ती सोपी वाटते, पण त्या काळच्या श्रोत्याला ट्रम्पेट असं गाऊ शकतं हेच नवीन होतं. विंटनचं वादन ऐका. सूर सरळ आहेत, कंप मोजका, सजावट काटकसरीची. 1983 मध्येच त्याची 'थिंक ऑफ वन' ही जॅझ रेकॉर्डही आली. दोन्ही लागोपाठ लावून बघा.

शास्त्रीय बाजूचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र 1987 च्या 'कार्नाव्हाल' रेकॉर्डमधलं आहे. ईस्टमन विंड एन्सेम्बल या वाद्यवृंदाबरोबर केलेली, जुन्या कॉर्नेटवादकांच्या अवघड रचनांची रेकॉर्ड. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचाच जवळचा नातेवाईक. त्यात पागानीनीची 'मोटो परपेट्युओ' आहे. मुळात व्हायोलिनसाठी लिहिलेली, सलग चार मिनिटांहून जास्त, मधे श्वास घ्यायला जागाच नाही. विंटन ती न थांबता वाजवतो. गालात हवा साठवायची, ती गालांनी बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवीन श्वास आत घ्यायचा. आपल्याकडे पुंगीवाले हेच करतात. पण पुंगीला आत पाती असते, वाजणारी. इथे वाजणारी वस्तू म्हणजे वादकाचे स्वतःचे ओठ, त्यामुळे गालाची हवा जराशी ढिली पडली की सूर गेला. आणि या सगळ्यात जिभेचा वेग राखायचा. मी हे ऐकताना दर वेळी श्वास धरून बसतो.

हे असं दोन्हीकडे वाजवणं जगात कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलं लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत, आणि त्यातले पुष्कळ जण पोटासाठी मुंबईला येत. संध्याकाळी हॉटेलात जॅझ, दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, कधी सिम्फनी ऑर्केस्ट्रात खुर्ची. आल्दोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यांतलेच. ताजमध्ये ट्रम्पेट वाजवणारे, आणि आपल्या सी. रामचंद्रांचे सहायक. 1951 च्या 'अलबेला'तल्या संगीतात त्यांचा हात आहे. त्या माणसांना जगण्यासाठी हे करावं लागलं आणि श्रेयनामावलीत त्यांची नावंही क्वचित आली, ही गोष्ट मला फार बोचते.

विंटनकडे वळू. कौतुकाबरोबर टीकाही आली, आणि ती साधार होती. सुरुवातीच्या जॅझबद्दल काही समीक्षक म्हणत की हे फार स्वच्छ आहे, यात धोका नाही. त्याहून मोठा वाद त्याच्या मतांवरून झाला. स्विंग आणि ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं जुनं लोकसंगीत, नसेल तर त्याला जॅझ म्हणू नये, अशी त्याची भूमिका. रॉकच्या वाटेने गेलेल्या माइल्स डेव्हिसवर तो उघड बोलायचा. 1986 मध्ये व्हँकुव्हरच्या महोत्सवात माइल्सचा कार्यक्रम चालू असताना तो न बोलावता मंचावर गेला आणि माइल्सनी वादन थांबवून त्याला परत पाठवलं. त्याआधी 1985 मध्ये भाऊ ब्रॅनफर्ड आणि पियानोवादक केनी कर्कलंड त्याचा गट सोडून स्टिंग या रॉक गायकाबरोबर गेले होते. माझं मत स्पष्ट आहे: त्याची व्याख्या अरुंद होती आणि तिने 1960 नंतरच्या कितीतरी चांगल्या वादकांवर अन्याय केला. पण त्याच हट्टातून जे उभं राहिलं ते दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं.

1987 मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये त्याच्या पुढाकाराने जॅझच्या मैफलींची एक उन्हाळी मालिका सुरू झाली. 1996 मध्ये 'जॅझ ॲट लिंकन सेंटर' ला ऑपेरा आणि फिलहार्मोनिकच्या बरोबरीचं स्थान मिळालं, आणि ऑक्टोबर 2004 मध्ये कोलंबस सर्कलला खास जॅझसाठी बांधलेलं सभागृह उघडलं. शिवाय शाळांना थोर जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या रचनांचं नोटेशन मोफत पाठवायचं आणि त्यावर स्पर्धा घ्यायची, हा उपक्रम. शास्त्रीय संगीताकडून त्याने घेतलेली खरी गोष्ट ही आहे: रचना जपणं, ती छापणं, पुढच्या पिढीच्या हातात देणं.

एलिंग्टनचं नाव आलंच आहे तर हेही सांगतो. 1965 मध्ये पुलित्झर या अमेरिकेतल्या मानाच्या पुरस्काराच्या संगीत परीक्षकांनी एलिंग्टनच्या विशेष गौरवाची शिफारस केली होती. मंडळाने ती फेटाळली. जॅझ रचनेला पुलित्झर मिळायला 1997 साल उजाडलं, आणि ते मिळालं विंटनच्या 'ब्लड ऑन द फील्ड्स' ला. जेसी आणि लिओना या गुलाम बनवलेल्या दोघांची कथा, जॅझ ऑर्केस्ट्रा आणि गायकांसाठी, जवळपास तीन तासांची. लांबी जास्त आहे, मधे ती रेंगाळतेही. तरी गायकांचा आवाज आणि ब्रासचा, म्हणजे पितळी वाद्यांचा, आवाज समोरासमोर येतो तिथे अंगावर काटा येतो.

दोन घरांमधली भिंत त्याने पाडली ती इथून पुढे, वादक म्हणून कमी आणि संगीतकार म्हणून जास्त. 1999 चं 'ऑल राइज' न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, जॅझ ऑर्केस्ट्रा आणि समूहगायन यांच्यासाठी. 2010 ची 'स्विंग सिम्फनी' बर्लिन फिलहार्मोनिकने सायमन रॅटल यांच्या संचालनात पहिल्यांदा वाजवली. 2015 मध्ये निकोला बेनेडेट्टीसाठी व्हायोलिन कॉन्सर्टो. आणि 2023 मध्ये क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रातल्या मायकल सॅक्ससाठी ट्रम्पेट कॉन्सर्टो. एक मोठा ट्रम्पेटवादक ट्रम्पेटसाठी लिहितो आणि वाजवायला दुसऱ्याला देतो, याचं मला कौतुक वाटतं.

(स्क्रीनवर यादी येईल)

आता तुमच्यासाठी ऐकायचा क्रम. आधी 1983 चा हायडन, फक्त तिसरा भाग. त्यात प्रत्येक सुराची सुरुवात ऐका. मग 1985 ची 'ब्लॅक कोड्स', आणि इथे लय ऐका, ड्रम आणि ट्रम्पेट एकमेकांना कुठे ढकलतात ते. मग 'मोटो परपेट्युओ'. शेवटी 'स्विंग सिम्फनी', आणि तिथे लक्ष जॅझवाल्यांकडे देऊ नका, व्हायोलिनवाल्यांकडे द्या. आयुष्यभर सरळ मात्रा वाजवलेली माणसं स्विंग करायला लागतात तेव्हा काय होतं, काय जमतं आणि काय अडतं, ते ऐका आणि मला खाली लिहून कळवा. पुढच्या भागात मोरिस आंद्रे.