बेदाणा चिकटतो, हे कुणी लिहिलंच नाही

(अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि यंत्रं बनवणारे लघुउद्योजक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘वस्तू हलवणाऱ्या आणि निवडणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांची पेटंट-तपासणी’. तपासणीवर मी येणारच आहे. त्याआधी एक म्हणणं मांडू द्या, कारण ते ऐकून घेणारी इतकी माणसं एका खोलीत सहसा सापडत नाहीत.

म्हणणं असं, की कन्व्हेयर म्हणजे सरकते पट्टे, सॉर्टर म्हणजे माल निवडणारी यंत्रं, गोदामातले रोबो या सगळ्या पसाऱ्यातला खरा शोध वस्तूच्या वागण्यात दडलेला असतो. वस्तू घसरते, चिकटते, गडगडते, फाटते, दुसरीला घेऊन येते. या खोडीवर कुणीतरी उपाय काढतो आणि तिथे शोध जन्माला येतो. पण पेटंटचा अर्ज उघडून बघा. पानामागून पान प्रोसेसर, मेमरी, मॉड्यूल. वस्तूचा उल्लेख फक्त ‘ऑब्जेक्ट’ एवढाच. तिला वजन नाही, ओल नाही, आकार नाही. अशा अर्जाचं पुढे काय होतं, ते एका उदाहरणावरून सांगतो. हे मला अजून सलतं.

तासगावच्या बाजूचे एक यंत्रवाले. नाव सांगत नाही, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. बेदाणा निवडायचं यंत्र त्यांनी स्वतःच्या शेडमध्ये बनवलं होतं. तुमच्यातले सांगलीकडचे किती? बरेच आहेत, म्हणजे बेदाण्याची निवडणी कशी चालते ते मी सांगायला नको. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळपट बाजूला, काडी राहिली असेल तर ती काढायची. शेडमध्ये बायका ओळीने बसून दिवसभर हेच करतात. रंगावर भाव ठरतो, त्यामुळे चुकीला जागा नाही.

रंग ओळखून दाणा उडवणारी यंत्रं तांदळासाठी आणि डाळीसाठी कधीपासून आहेत. दाणे उतरत्या पन्हळीवरून खाली येतात, टोकाला कॅमेरा बघतो, नको असलेला दाणा दिसला की थोडं खाली बसवलेली हवेची नळी नेमक्या क्षणी फुंकर मारते आणि तो दाणा ओळीबाहेर उडतो. कॅमेरा आणि नळी यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. ते अंतर कापायला दाण्याला किती मिलिसेकंद लागतील, हे आधीच मोजून ठेवलेलं असतं. तांदूळ या हिशोबात बसतो.

आप्पांनी असंच एक यंत्र आणून त्यात बेदाणा घातला. पहिला तासभर ठीक चाललं, मग काळा दाणा तसाच राहून त्याच्या पुढचा चांगला हिरवा उडायला लागला. विकणाऱ्याकडचा माणूस आला, सॉफ्टवेअर तपासलं, कॅमेरा पुसला, काही दोष नाही म्हणाला. आप्पा त्याला म्हणाले, “साहेब, त्यो बेदाणा हाय, गहू न्हवं.”

सगळं उत्तर त्या वाक्यात आहे. बेदाण्याच्या सालीवर साखर असते, वाळवण्याआधी द्राक्षं बुडवतात त्या डिपिंग ऑइलचा अंश असतो, आणि पावसाळी हवेत तो आणखी चिकट होतो. पन्हळीवर तो क्षणभर अडतो आणि मग सुटतो. म्हणजे कॅमेऱ्याने बघितलेला दाणा नळीसमोर ठरल्या वेळी येतच नाही, आणि फुंकर बसते ती शेजाऱ्याला. आप्पांनी काय केलं, तर नळ्यांच्या अगदी वर प्रकाशाच्या सेन्सरांची दुसरी एक रांग बसवली. कॅमेरा फक्त सांगणार, या वाटेवरचा पुढचा दाणा काळा आहे. फुंकर कधी मारायची ते मात्र हा दुसरा सेन्सर ठरवणार, दाणा खरोखर समोर आल्यावर. तो अडकला तर नळीची झडप थांबते. त्या शेडमध्ये उभा राहून मी ते बघितलंय. एक दाणा पन्हळीवर रेंगाळला, त्या वाटेवरची झडप गप्प राहिली, दाणा सुटला आणि टक्कन आवाज होऊन बरोबर तोच उडाला.

आप्पा माझ्याकडे आले तेव्हा अर्ज आधीच दाखल झालेला होता. शहरातल्या एका पेटंट-एजंटाने लिहिला होता. मी तो वाचत गेलो आणि मन खट्टू होत गेलं. इमेज अ‍ॅक्विझिशन मॉड्यूल, डिसिजन मॉड्यूल, इजेक्शन मॉड्यूल. आकृत्यांत चौकोन आणि चौकोनांना जोडणारे बाण. दुसरी सेन्सरची रांग कुठेच नाही. बेदाणा चिकटतो, हे एका ओळीतही नाही. त्या एजंटाने यंत्र चालू असताना बघितलंच नव्हतं.

पहिला तपासणी अहवाल, म्हणजे आपण ज्याला एफईआर म्हणतो तो, हातात पडला होता. परीक्षकाने डी१ आणि डी२ म्हणून तांदळाच्या सॉर्टरची दोन जुनी पेटंटं लावली होती आणि विचारलं होतं, यात नवीन काय? शिवाय पेटंट कायद्याचं कलम ३(के), म्हणजे संगणक-प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम केवळ तेवढ्यापुरते पेटंटयोग्य नाहीत, हा आक्षेप होताच. माझं मत विचाराल तर परीक्षकाचं बरोबर होतं. त्याच्यासमोर जे लिहून आलं होतं, त्यात खरंच काही नवं नव्हतं.

मग आता घालू की सेन्सरची रांग, असं आप्पा म्हणाले. घालता येत नाही. कलम ५९ सांगतं, की मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या वर्णनात, जे उघड केलेलंच नाही, ते दुरुस्तीच्या वाटेने आत आणता येत नाही. बरं, नवा अर्ज करू म्हटलं, तर आप्पांनी ती सेन्सरवाली यंत्रं तोवर विकली होती. गावातल्या शेडमध्ये ती उघड चालू होती, कुणीही जाऊन बघत होतं. नावीन्य गेलं. शोध आप्पांचाच होता, यंत्र चालत होतं आणि कायद्याच्या पानावर त्याचा मागमूस नव्हता. याचा मला राग आहे आणि तो परीक्षकावर नाही. यंत्रासमोर अर्धा तास उभं न राहता शोधाचं वर्णन लिहून देणाऱ्या आमच्या धंद्यातल्या मंडळींवर आहे.

हा प्रश्न काही बेदाण्यापुरता नाही. पत्रांचं बघा. आपला पिनकोड ज्यांनी रचला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले, मराठी माणूस, आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची गावं अनेक, पत्ते लिहिणारे वेगवेगळ्या भाषांतले, अक्षर लागत नाही, या सगळ्या गोंधळावर सहा आकडे. सांगलीचा ४१६४१६ घ्या. पहिला ४ विभाग सांगतो, ४१ उपविभाग, ४१६ सॉर्टिंगचा जिल्हा आणि उरलेले तीन आकडे थेट वाटपाचं टपाल कार्यालय. एका हाताने पत्र धरून दुसऱ्या हाताने खणात टाकणाऱ्या आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या, सॉर्टरला रेल्वेच्या डब्यात, हलत्या दिव्याखाली उपयोगी पडेल अशी ही रचना. माझ्या लेखी हे फार मोठं बौद्धिक काम आहे.

आता तुम्हाला विचारतो. हात वर करा, पिनकोडला पेटंट मिळालं असतं असं किती जणांना वाटतं? बरेच हात आहेत. नसतं मिळालं. आकड्यांची मांडणी ही योजना झाली. १९७० चा आपला कायदा गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम यांना शोध मानत नाही. वेलणकरांचं मोठेपण त्याने तसूभर कमी होत नाही, पेटंट हे काही थोरवीचं प्रमाणपत्र नाही.

पण मुंबईत १९९३ मध्ये टपाल खात्याचं स्वयंचलित केंद्र उभं राहिलं, तिथल्या यंत्राचं बोला. आकडे वाचून पत्र कुठल्या खणात जायचं ते ठरवणं, हे सगळ्यांना दिसणारं काम. पत्रं सॉर्ट करणारी यंत्रं बनवणाऱ्याला मात्र त्याच्या आधीच घाम फुटतो. गठ्ठ्यातून नेमकं एकच पाकीट उचलायचं. पाकिटं एकमेकांना चिकटतात, एकाची झडप दुसऱ्यात अडकते, खिडकीवालं पाकीट वेगळं वागतं, जाड लग्नपत्रिका वाकत नाही. एक उचलायला गेलं की दोन येतात आणि मागचं पत्र पुढच्याच्या गावाला पोचतं. दोन आली हे ओळखायचं कसं, ती वेगळी करायची कशी, यावर जगभर पेटंटं आहेत आणि ती वाचनीय आहेत. आकड्यांच्या योजनेला जे मिळत नाही, ते पाकिटाच्या खोडीवरच्या उपायाला मिळू शकतं.

गोदामांकडे या. अ‍ॅमेझॉनने २०१२ मध्ये ७७ कोटी ५० लाख डॉलर देऊन किवा सिस्टिम्स ही कंपनी घेतली. माणसाने फडताळापर्यंत चालत जायचं याऐवजी फडताळच माणसाकडे आणायचं, ही तिची कल्पना. ऐकायला सोपी. पण त्यांचा बुटका रोबो फडताळाखाली जाऊन स्वतःभोवती गोल फिरतो, त्या फिरण्याने आतला स्क्रू वर येतो आणि वरचं फडताळ न फिरता सरळ उचललं जातं. सामानाने भरलेलं उंच फडताळ हिसका बसला तर डोलतं, म्हणून उचलण्याचा प्रश्न इतका काळजीने सोडवावा लागतो. इथेही वस्तूच बोलते आहे.

आणि ऑटोस्टोअर विरुद्ध ओकाडो हा खटला तर यंत्र बनवणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. नॉर्वेची ऑटोस्टोअर. डबे एकावर एक रचलेले, वर रुळांची जाळी, जाळीवर रोबो फिरतात आणि खालचा डबा वर ओढून घेतात. रोबोच्या पोटातच डबा मावेल अशी पोकळी ठेवली, तर तो जाळीवर एकाच चौकोनाची जागा घेतो, शेजारून दुसरा जाऊ शकतो. यावर पेटंट होतं. ब्रिटनच्या ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीवर त्यांनी २०२० मध्ये दावा लावला. मार्च २०२३ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने ऑटोस्टोअरची पेटंटं अवैध ठरवली. कारण काय? पेटंटसाठी अर्ज करण्यापूर्वी, २०१० मध्ये, रशियाच्या मध्यवर्ती बँकेला यंत्रणा विकायचा प्रयत्न चालू होता आणि त्या बोलण्यांत रोबोची ही रचना उघड झाली होती. त्याच वर्षी जुलैत तडजोड झाली आणि दावा लावणाऱ्या ऑटोस्टोअरने ओकाडोला २० कोटी पाउंड द्यायचं कबूल केलं. गिऱ्हाईकाला खूश करायला दाखवलेलं चित्र इतकं महाग पडलं. आपल्याकडे चाकणच्या बैठकीत, प्रदर्शनाच्या स्टॉलवर, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्हिडिओत रोज हेच चालतं. आधी अर्ज दाखल करा, मग दाखवा. दाखवणं टळतच नसेल, तर गुप्ततेचा करार सही करून घ्या.

आयोजक खूण करताहेत, दहाच मिनिटं आहेत. तेव्हा छापलेला विषय आता भराभर.

परीक्षक तुमच्या अर्जाकडे साधारण कसा बघतो? आधी वर्ग, म्हणजे पेटंटांच्या वर्गीकरणातला सांकेतिक क्रमांक. निवडणारी यंत्रं बी०७सी मध्ये येतात, वाहून नेणारी आणि साठवणारी बी६५जी मध्ये, रोबोचे हात बी२५जे मध्ये. रंगावरून निवडणं बी०७सी ५/३४२, हवेने उडवणं ५/३६३. अर्ज लिहिण्याच्या आधी याच वर्गांत स्वतः शोध घ्या, बाहेरच्या देशांतली पेटंटंही बघा. परीक्षक तिथेच जाणार आहे. मग तुम्ही आधी का जाऊ नये?

मग नावीन्य आणि त्यानंतर कलम २(१)(जेए), म्हणजे शोधक पायरी. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती आहे का, किंवा आर्थिक महत्त्व आहे का, आणि त्या कामातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचली असती का. इथे बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल वाचा. विषय भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचा, अगदी वर्कशॉपमधला. कारागिराने नेहमीच्या कौशल्यातून केलेली सुधारणा पुरेशी नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि पेटंट टिकलं नाही. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी तो निकाल मूळातून वाचावाच.

सॉर्टरवाल्यांना सगळ्यात जास्त नडतं ते कलम ३(एफ). ओळखीची साधनं शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपलं नेहमीचंच काम स्वतंत्रपणे करतोय, तर तो शोध नाही. पट्टा, कॅमेरा, नळी यांची नुसती यादी दिलीत तर हा आक्षेप येणारच. एक साधन दुसऱ्याचं वागणं कसं बदलतं ते लिहा. सेन्सरने झडप रोखली, हे नातं झालं. ते क्लेममध्ये, म्हणजे हक्काच्या मागणीत हवं, नुसतं वर्णनात असून भागत नाही.

३(के) बद्दल घाबरून जाऊ नका. फरीद अल्लानी प्रकरणात २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलंय, की संगणक वापरला म्हणून शोध बाद होत नाही, तांत्रिक परिणाम दाखवता यायला हवा. तुमचं यंत्र खरी वस्तू खरोखर हलवतं, याहून ठळक तांत्रिक परिणाम कुठला? पण तो आकड्यांत दाखवा. आधी किती चांगला माल चुकून उडत होता, आता किती उडतो, कुठल्या मालावर, किती ओलाव्याला. कलम १०(४) प्रमाणे तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करणं तुमच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा पन्हळीचा कोनसुद्धा लिहा.

तारखा. अर्ज केला म्हणून तपासणी आपोआप होत नाही. फॉर्म १८ भरून मागावी लागते, आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत ४८ ऐवजी ३१ महिने झाली आहे. जुनी मुदत डोक्यात ठेवून बसलात तर अर्ज मागे घेतला असं धरलं जाईल. स्टार्टअप, लघुउद्योग आणि महिला अर्जदार यांना फॉर्म १८ए वर जलद तपासणी मागता येते. एफईआर आल्यावर उत्तराला सहा महिने असतात. ते सहा महिने परीक्षकाशी भांडण्यात घालवू नका. सुनावणी मिळाली तर यंत्राचा व्हिडिओ आणि माल हाताशी ठेवा आणि प्रत्यक्ष यंत्र चालवणारा माणूस सोबत न्या, कारण वस्तू कुठे अडते ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

कलम २५(१) चा पूर्वविरोध, म्हणजे पेटंट मिळण्याआधी घेतलेली हरकत, राहिलाच. तो कुणालाही करता येतो, तुमचं जुनंच यंत्र दुसरा कुणी पेटंट करू बघत असेल तर तुम्हालाही. त्यासाठी यंत्राची बिलं, तारखेचे फोटो, डिलिव्हरी चलनं जपून ठेवा. त्याचा तपशील प्रश्नोत्तरांत घेऊ. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून आलाय, त्यांना माइक द्या.