बोटांनी ओळखायची कळी

(दृश्य: सकाळचा वाफा. पानांवर दव, कळ्यांवर मुंग्या.)

पिओनी या फुलझाडाचा बहर लहान असतो, एकेका जातीचा जेमतेम आठवडा-दहा दिवसांचा. त्यात जोराचा पाऊस आला, तर गच्च पाकळ्यांची फुलं पाणी धरतात, देठाला ते वजन पेलत नाही आणि फूल थेट मातीला टेकतं. म्हणून ही फुलं घरात आणायची. मात्र उमललेलं फूल कापायचं नाही, कळी कापायची. ती कधी कापायची हे डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त चांगलं कळतं.

(दृश्य, अगदी जवळून: अंगठा आणि तर्जनी, मधे कळी.)

अंगठा कळीच्या शेंड्यावर नाही, कुशीला आहे. हलकेच दाबायचं. ही पहिली कळी दबतच नाही, गोटीसारखी टणक आहे. पाकळ्या फुलायला साखर लागते आणि ती झाडाकडून अजून पुरती आत आलेली नाही. ही कापली तर फुलदाणीत तशीच मिटलेली राहील आणि मिटल्या मिटल्या सुकेल.

ही दुसरी. हिरव्या दलांमधून रंग डोकावतोय, वरचा थर दबतो, पण आतला गाभा बोटाला कडक लागतो. थांबायचं. ऊन चांगलं तापलं तर हीच कळी संध्याकाळपर्यंत तयार होईल, म्हणून बहरात दिवसातून दोन फेऱ्या हव्यात.

आणि ही तिसरी. कापसाच्या घट्ट बोळ्यासारखी. दाबली की दबते, सोडली की हळूच भरून येते. हिलाच कात्री लावायची.

जातीप्रमाणे यात थोडा फरक पडतो. एकेरी फुलांच्या जातींना पाकळ्या मोजक्याच, त्यांच्या कळ्या रंग दिसू लागला की कापल्या तरी चालतात. ‘सारा बर्नहार्ट’ ही फ्रान्समधल्या लेमोइन रोपवाटिकेची १९०६ सालची जात, पाकळ्यांनी ठासून भरलेली. तिला घाई केली की ती अर्ध्यावर अडते. तिची कळी नीट मऊ होऊ द्यावी.

(दृश्य: कळीच्या हिरव्या दलावर रसाचा थेंब, त्याला लागलेली मुंगी.)

मुंग्या कळी उघडून देतात, हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. हिरव्या दलांच्या कडेला गोड रस पाझरतो, त्या तोच खायला येतात. कळी त्यांच्याशिवायही उमलते. घरात नेण्याआधी देठ उलटा धरून दोन-तीनदा झटकला की पुरे. औषध फवारायचं कारण नाही.

(दृश्य: कात्री देठावर. कॅमेरा हळूहळू खाली, पानांपर्यंत.)

आता कात्री कुठे थांबली आहे ते बघा. लांब देठाचा मोह सगळ्यांनाच होतो, पण तो झाडाला महागात पडतो. कापलेल्या जागेखाली निदान दोन पूर्ण पानं राहिलीच पाहिजेत. पूर्ण पान म्हणजे एक पाती नव्हे. पिओनीचं एक पान अनेक पात्यांचं असतं, देठापासून फुटणारा तो अख्खा फाटा मोजायचा. फूल गेल्यावरही ही पानं शरद ऋतूपर्यंत मुळांसाठी अन्न तयार करत राहतात. त्याच अन्नावर मातीखालच्या गड्ड्यावर पुढच्या वर्षीचे लालसर डोळे, म्हणजे कोंब, भरतात. म्हणून एका झाडाच्या एक तृतीयांशाहून जास्त कळ्या कापू नयेत, आणि लावून तीन वर्षं झाली नसतील तर एकही नाही. पानं ओरबाडली की पुढच्या वर्षी फुलं कमी येतात.

(दृश्य: टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर आडव्या कळ्या.)

कळ्या लगेच नको असतील तर त्या कोरड्या ठेवता येतात. देठावरची पानं काढायची, कळ्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या आणि फ्रीजमध्ये आडव्या ठेवायच्या, गोठणार नाहीत पण जितकं थंड जमेल तितकं. अशा दोन-तीन आठवडे सहज टिकतात. दवानं ओल्या असतील तर आधी सुकू द्याव्यात, नाहीतर आतल्या आत करडी बुरशी धरते आणि कळी तपकिरी, लिबलिबीत होते. त्या फ्रीजमध्ये फळं नकोत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्यानं कळ्या बिघडतात.

(दृश्य: फ्रीजमधून काढलेला मरगळलेला देठ.)

बाहेर काढल्यावर त्या मेल्यासारख्या दिसतात, पण फेकू नका. देठाचं टोक दोनेक सेंटिमीटर तिरकं कापा आणि लगेच कोमट पाण्यात उभं करा. कोरडं टोक तसंच ठेवलं तर देठ पाणी नीट ओढत नाही. काही तासांत मान ताठ होते.

पाण्याखाली एकही पान नको. ते कुजतं, पाण्यात जिवाणू वाढतात आणि देठाच्या नळ्या बुजतात. पाणी एक दिवसाआड बदलायचं, दर वेळी टोक थोडं छाटायचं. फुलदाणी उन्हापासून दूर ठेवली तर फूल पाच ते सात दिवस राहतं. ‘कोरल चार्म’ ही जात तेवढ्यात पोवळ्याच्या रंगावरून फिकट पिवळसर सायीच्या रंगावर येते.

(दृश्य: फुलदाणीतली कळी, रात्रभराचं चित्रण वेगानं. शेवटची चाळीस सेकंदं निवेदन नाही.)