तीस सप्टेंबरचा पट

बीड जिल्हा, बालाघाटचा डोंगर. इथल्या वाड्यावस्त्यांवरच्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळा चौथी-पाचवीला संपतात, थोड्याच सातवी-आठवीपर्यंत जातात. सहावी ते आठवीची सोय घरापासून तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. पण हे वर्ग टिकतात ते पटावर. आणि पट धरतात 30 सप्टेंबरचा.

समजा, सहावीत 9, सातवीत 8, आठवीत 6. पट झाला 23. पण संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, मोजतात ती आधार वैध असलेली मुलंच. शाळेच्या नोंदीत आणि आधारवर नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे, जन्मतारखेत एक आकडा वेगळा, की नोंद अवैध. अशी चार मुलं निघाली, पट 19. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानुसार या वर्गांचा पट 20 च्या खाली गेला, की पदवीधर शिक्षकाचं पद मंजूर होत नाही. शिक्षण हक्क कायदा मात्र याच वर्गांना विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्र असे तीन शिक्षक सांगतो!

म्हणून हे काम जून-जुलैतच उरकावं लागतं. जनरल रजिस्टर, आधार कार्ड आणि शासनाच्या विद्यार्थी पोर्टलवरची नोंद शेजारी ठेवून एकेक नाव ताडायचं. चूक पोर्टलवर असेल तर शाळेतच सुधारते. कार्डावर असेल तर पालकांना रोज बुडवून आधार केंद्र गाठावं लागतं. रजिस्टरमधली असेल तर मुख्याध्यापकांना ती परस्पर बदलता येत नाही, वरची परवानगी लागते. ऑगस्टपर्यंत ढकललं, की संपलं.

एवढं करून पट टिकला, तरी दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. मागे आजी-आजोबा नसतील, हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं नसेल, तर मुलंही ट्रकमध्ये बसतात. कागदावर 23, वर्गात निम्मीच.

[पडद्यावर: वहीचं पान, भागाकार]

अशा वर्गातल्या एका मुलाचा भागाकार बघा: 604 भागिले 3. सहा भागिले तीन, दोन. शून्य खाली घेतलं. तीनाचा भाग जात नाही, तिथं वर शून्य लिहायचं असतं. मुलानं ते न लिहिता थेट चार खाली घेतले. उत्तर 21, बाकी 1. खरं उत्तर 201. बाकी बरोबर आल्यामुळे चूक त्याच्या लक्षातच येत नाही. उत्तराला तीनने गुणून पाहायची सवय लावली, तर 63 पाहून तो स्वतःच थबकतो. हा भागाकार खालच्या वर्गातला, आणि सहावीचं पुस्तक तो येतो असं धरूनच पुढे जातं. तीन वर्ग एकत्र घेणाऱ्या शिक्षकाला मागे वळायला वेळ कुठला? मग ज्यांना परवडतं ते दाखला काढून तालुक्याच्या शाळेत जातात, आणि पट आणखी घटतो.

2023-24 पासून आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा एक संधी, नाहीतर तोच वर्ग. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी, टोळ्या परतायच्या सुमारास.