फाटकाबाहेरचा राजदूत

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

परराष्ट्र सेवेतून निवृत्त होऊन मी पारोळा तालुक्यातल्या माझ्या गावी परतलो, तेव्हापासून पारावर, लग्नमंडपात आणि एसटीतही मला एकच प्रश्न विचारला जातो : राजदूत नेमके करतो काय? तृतीय सचिव म्हणून रुजू व्हावे, नेमून दिलेली परदेशी भाषा शिकावी, दर तीनेक वर्षांनी घरसामान बांधून नव्या देशी जावे आणि पायऱ्या चढत राजदूत व्हावे, असा हा प्रवास असतो. राष्ट्रपतींच्या सहीचे अधिकारपत्र घेऊन राजदूत जातो; 2007 ते 2012 या काळात त्या पत्रांवर आपल्या बोदवड तालुक्यातल्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील यांची सही असे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

1961 च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देशाचे पोलीस परवानगीवाचून दूतावासात पाऊल ठेवू शकत नाहीत. मात्र त्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करण्यास तोच करार आपल्याला मनाई करतो. म्हणजे फाटकाबाहेर राजदूताजवळ फक्त शब्द असतात. पुन्हा सांगतो, फाटकाबाहेर फक्त शब्द.

आखातातल्या एका देशात मी प्रथम सचिव असताना एक तरुण मजूर दूतावासात आला. मालकाने त्याचा पासपोर्ट ठेवून घेतला होता आणि सात महिन्यांचा पगार थकवला होता, एवढेच सोबतच्या माणसाने सांगितले. हिंदीत काहीही विचारले, तरी तो खाली मान घालून फक्त "जी साहेब" म्हणे. अर्जावर अमळनेर तालुका लिहिलेला दिसला, म्हणून मी आमच्या अहिराणीत विचारले, "भाऊ, घर कोन कोन शे?" त्याने झटकन वर पाहिले, आणि मग तासभर तो बोलत राहिला. (वर्गात अहिराणी बोलल्याबद्दल आमच्या पिढीने छड्या खाल्ल्या, तो अन्याय होता, आणि घरात मुलांशी अहिराणी बोलायला लाजणारे आईबाप आज तोच अन्याय पुढे चालवत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.) त्या तासाभरात खरी गोष्ट कळली : पगार पूर्ण मिळाल्याच्या अरबी कागदावर त्याची सही घेतली होती, आणि त्याला अरबी वाचता येत नव्हते.

आम्ही रीतसर टिपण पाठवले. अशा टिपणात "मी" नसतो. "भारतीय दूतावास आदर व्यक्त करून कळवतो" अशी त्याची भाषा असते. त्यानंतर मी स्वतः तिथल्या कामगार कार्यालयात जाऊन बसलो, शिकलेल्या अरबीत अधिकाऱ्याच्या मुलाबाळांची विचारपूस केली, चहा घेतला आणि मगच विषय काढला. हुकूम देण्याचा अधिकार मला नव्हता, फक्त शब्द होते. चौथ्या भेटीत त्याने मालकाला बोलावून घेतले. चार महिन्यांचा पगार आणि देश सोडण्याची परवानगी मिळाली. उरलेले तीन महिने त्या सहीमुळे बुडाले, ही खंत मला आजही आहे.

पासपोर्ट सापडलाच नाही, म्हणून एकदाच मायदेशी परतण्यापुरते चालणारे आपत्कालीन प्रमाणपत्र आम्ही त्याला दिले आणि पोच म्हणून पावती त्याच्यापुढे ठेवली. त्याने पेन उचलले नाही. ती पावती मी मराठीत वाचून दाखवली, मग ओळीवर बोट ठेवून अहिराणीत समजावून सांगितली. त्याने ती आणखी एकदा वाचायला लावली, आणि तेव्हाच सही केली.