उभ्या गाडीचा हिशेब

भिवंडी तालुक्यात पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली, काल्हेर या गावांच्या शिवारात गोदामांच्या रांगा पसरलेल्या आहेत. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा इथूनच गाड्यांत भरला जातो. या गाड्या पहाटे फाटकाबाहेर पडतात तेव्हा त्यांतल्या बहुतेकींच्या डॅशबोर्डमागे काडेपेटीएवढे एक जीपीएस यंत्र चालू असते. गाडी कुठे आहे, किती वेगाने जात आहे आणि इंजिन चालू आहे की बंद, हे ते यंत्र दर काही सेकंदांनी कार्यालयाला कळवत राहते. संध्याकाळी सुपरवायझरच्या संगणकावर दिवसभराचा अहवाल उघडतो. बहुतेक प्रणालींमध्ये चालती गाडी हिरव्या रंगात, इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी पिवळ्या रंगात आणि इंजिन बंद करून थांबलेली गाडी लाल रंगात दाखवतात. पिवळा किंवा लाल पट्टा लांबला आणि त्याच्याबद्दल ड्रायव्हरने काही कळवलेले नसले, की दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात मेमो, म्हणजे कारणे दाखवा नोटीस, पडतो.

हा माहितीपट त्या मेमोबद्दल आहे. गाडी किती वेळ उभी होती हे यंत्र अचूक सांगू शकते. ती का उभी होती हे त्याला ठाऊक नसते. ते जाणून घेण्याची जबाबदारी माणसांवर येते, आणि ती नीट पार न पाडता ड्रायव्हरची रोजी किंवा नोकरी काढून घेणे हा अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मालकाची बाजूही खोटी नाही. गाडीत लाखोंचा माल असतो आणि त्यात दूध, भाजी किंवा औषधे असली तर उशिराचा फटका थेट मालाला बसतो. वाटेत डिझेल काढून विकणे, परतीच्या फेरीत दुसऱ्याचे भाडे घेणे, मालाची पेटी मधल्यामध्ये उतरवणे असे प्रकार या धंद्यात घडतात, आणि अशा वेळी थांबा लपवला जातो हेही खरे आहे. म्हणून गाडी ठरल्यापेक्षा जास्त वेळ उभी राहिली तर कळवावे, असा नियम करण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. प्रश्न पुढचा आहे. न कळवलेला प्रत्येक थांबा चोरीच्याच खात्यात टाकायचा का?

त्यासाठी ड्रायव्हरजवळचा कागद पाहायला हवा. साधारण ट्रिपशीटवर गाडीचा नंबर, निघाल्याची वेळ, सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर, प्रत्येक दुकानाचे किंवा गोदामाचे नाव आणि त्यापुढे सही-शिक्क्यासाठी जागा असते. माल मिळाल्याची सही चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, होते, पण ती माल उतरवून, मोजून, फुटीचा हिशेब झाल्यावर होते. गाडी फाटकावर कधी पोहोचली, नंबर कधी लागला, हमाल कधी आले, वाराई, म्हणजे माल उतरवण्याची मजुरी, कोणी द्यायची यावर किती वेळ वाद चालला, यांपैकी कशालाही त्या कागदावर रकाना नसतो. सकाळी साडेनऊला पोहोचलेल्या गाडीच्या चलनावर साडेबाराचा शिक्का असू शकतो आणि मधले तीन तास कागदाच्या लेखी घडलेलेच नसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते तीन तास गाडी उभी असल्याचे तास असतात.

त्या तीन तासांचा पुरावा बहुतेक वेळा दुसरीकडे सापडतो. माल घेणाऱ्या गोदामाच्या फाटकावर सुरक्षारक्षक आवक नोंदवहीत गाडीचा नंबर आणि आत आल्याची वेळ लिहितो, आणि त्याच पानावर बाहेर पडल्याची वेळही असते. शिस्तभंगाची कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या पानाची प्रत मागवली, तर अनेक मेमो लिहावेच लागणार नाहीत.

थांबण्याची कारणे या रस्त्यांवर राहणाऱ्यांना नव्याने सांगायला नकोत. माणकोली नाक्यावर किंवा घोडबंदर रस्त्यावर वाहतूक तुंबली की गाडी तासभरही हलत नाही. मुंबईत अवजड वाहनांना ठरावीक वेळांत प्रवेशबंदी असते, त्यामुळे बंदी उठेपर्यंत हद्दीबाहेर थांबण्यावाचून इलाज नसतो. मॉलच्या तळघरात माल उतरवताना उपग्रहाचा संकेत तुटतो आणि नकाशावरची गाडी शेवटच्या ठिकाणीच उभी दिसत राहते. याखेरीज ड्रायव्हर हा माणूस आहे. त्याला जेवायला, लघवीला जायला आणि पाठ टेकायला वेळ लागतो. मालवाहू गाडी लावता येईल अशी जागा आणि स्वच्छतागृह एकाच ठिकाणी मिळणे शहरात इतके दुर्मीळ आहे, की त्या एका गरजेसाठी बराच वळसा घ्यावा लागतो.

मग ड्रायव्हर कळवत का नाही? ज्या कार्यालयात थांबा कळवल्यावर पहिला प्रश्न ‘अजून तिथेच काय करतोस’ असा येतो, तिथे तो कळवणे हळूहळू सोडून देतो. काही ठिकाणी फेरीवर प्रोत्साहनभत्ता असतो आणि उशिराची नोंद झाली की तो जातो. म्हणजे सांगितले तरी नुकसान आणि न सांगितले तर कदाचित सुटका. अनेकदा ड्रायव्हरने फोन केलेलाही असतो. फोनवर सुपरवायझर ‘ठीक आहे’ म्हणतो, पण त्या बोलण्याची नोंद कुठेच होत नाही, आणि मेमो देणारा अधिकारी वेगळाच असतो. कळवण्याचे बंधन एकट्या ड्रायव्हरवर घातले आणि कळवलेले नोंदवून ठेवण्याचे बंधन कार्यालयावर घातले नाही, तर तो नियम अर्धाच राहतो.

थांबलेला वेळ कामाचा की बिनकामाचा, हा प्रश्न आपल्या कायद्याने फार पूर्वी विचारात घेतला होता. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 मध्ये कामाच्या तासांची व्याख्या करताना कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ, अशी सुरुवात केली होती. गाडी चालू असण्याच्या काळातले काम त्यात धरले होते. माल चढवणे-उतरवणे, नोंदवहीत सह्या करणे, गाडीची देखभाल अशी जोडकामे धरली होती. आणि स्थानकावर नुसते हजर राहण्याचा पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळही धरला होता. वगळायचा तो वेळ कोणता, हेही सांगितले होते. गाडीचे चालणे ठरावीक मुदतीपेक्षा जास्त काळ खंडित झाले असेल आणि त्या काळात कामगार आपला वेळ आपल्या मर्जीने घालवायला मोकळा असेल, तर तो वेळ वगळायचा. फाटकावर रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला ही कसोटी लावून पाहा. त्याचा नंबर कधीही पुकारला जाईल, म्हणून तो गाडी सोडून जाऊ शकत नाही; गाडीत माल आहे, म्हणून तो झोपूही शकत नाही. त्या वेळेला रिकामा वेळ म्हणता येत नाही.

त्याच कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती, आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करण्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली होती. पाच किंवा अधिक मोटार परिवहन कामगार असलेल्या उपक्रमांना तो लागू होता. पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये तो सामावला गेला. तरीही अर्ध्या तासाची विश्रांती अहवालात लाल पट्टा म्हणून दिसते आणि तिच्याबद्दल खुलासा मागितला जातो, तेव्हा पाऊणशतकाच्या कामगार चळवळीने मिळवलेली गोष्टच गुन्हा ठरवली जात असते.

आता मेमोनंतर काय होते ते पाहू. कारणे दाखवा नोटिशीचे उत्तर समाधानकारक वाटले नाही तर आरोपपत्र दिले जाते, आणि त्यात ‘कंपनीचा वेळ चोरला’ किंवा ‘अप्रामाणिकपणा केला’ अशी भाषा येते. या शब्दांवर थांबायला हवे, कारण नोकरी जाणार की राहणार हे पुष्कळदा त्यांवरच ठरते. थांबा न कळवणे हा निष्काळजीपणा असू शकतो, आदेशाचा भंग असू शकतो किंवा फसवणूक असू शकते. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांचा पुरावाही वेगळा लागतो. फसवणूक म्हणायची तर हेतू दाखवावा लागेल: खोटी नोंद केली, यंत्राची वायर काढली, विचारल्यावर वेगळेच ठिकाण सांगितले. आदेशभंग म्हणायचा तर आदेश स्पष्ट होता, ड्रायव्हरला माहीत होता आणि त्याने तो जाणूनबुजून मोडला, हे दाखवावे लागेल. ‘गाडी 40 मिनिटे उभी होती’ एवढ्या एका ओळीतून यांपैकी काहीच सिद्ध होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या खटल्यात असे म्हटले, की जे वर्तन स्थायी आदेशांत, म्हणजे आस्थापनेच्या सेवाशर्तींच्या प्रमाणित नियमावलीत, गैरवर्तन म्हणून नोंदवलेले नाही, त्यासाठी गैरवर्तन म्हणून शिक्षा करता येत नाही. जिथे स्थायी आदेश लागू आहेत, तिथे व्हॉट्सॲप गटावर रात्री टाकलेला ‘उद्यापासून दहा मिनिटांवरचा थांबा म्हणजे गैरवर्तन’ हा संदेश म्हणूनच पुरेसा ठरत नाही. चौकशी सुरू असताना निलंबित केले, तर स्थायी आदेशांच्या 1946 च्या कायद्याने पहिले 90 दिवस निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून देणे सक्तीचे केले होते, आणि कामगाराच्या वागण्यामुळे विलंब झालेला नसेल तर पुढे 75 टक्के.

पुष्कळ ठिकाणी चौकशीची पायरी गाठलीच जात नाही, कारण महिनाअखेरीस सरळ पैसे कापले जातात. वेतन प्रदान अधिनियम, 1936 ने याला लगाम घातला होता. गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. दंड आकारायचा तर कामगाराला आधी म्हणणे मांडू द्यावे लागते, आणि तो त्या वेतनकाळातील वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. अर्ध्या तासाच्या थांब्यासाठी आख्ख्या दिवसाची हजेरी कापणे या चौकटीत कुठेच बसत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न करारातून हाताळला गेला आहे. युनायटेड पार्सल सर्व्हिस, म्हणजे यूपीएस, या पार्सल कंपनीतल्या लाखो कामगारांच्या वतीने टीमस्टर्स ही संघटना वाटाघाटी करते. तिथल्या गाड्यांवर सीटबेल्टपासून मागच्या दारापर्यंतच्या हालचाली टिपणारी यंत्रे कित्येक वर्षे आहेत. मात्र कंपनी आणि संघटना यांच्या राष्ट्रीय करारात एक कलम आहे: केवळ जीपीएसच्या माहितीवरून कोणालाही कामावरून काढता येणार नाही, अपवाद अप्रामाणिकपणाचा, आणि अप्रामाणिकपणा म्हणजे कंपनीला फसवण्याच्या हेतूने केलेली कृती किंवा टाळाटाळ. यंत्राची नोंद तिथे नाकारलेली नाही. ती एकटी पुरेशी नाही, एवढेच दोन्ही बाजूंनी मान्य केले आहे. आपल्याकडच्या वाहतूक कंपन्यांतल्या संघटनांनी पुढच्या करारात असे कलम मागायला हवे, आणि मालकांनी ते द्यायला हवे.

दुचाकीवरून घरपोच सेवा देणाऱ्या मुलांना यांपैकी फारसे काही लागू होत नाही, कारण त्यांना कामगार मानलेच जात नाही. ॲपवरचे खाते बंद झाले की विषय संपतो. कर्नाटकाने 2025 मध्ये केलेल्या कायद्यात काम थांबवण्याआधी लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस देण्याची तरतूद केली आहे. महाराष्ट्राने निदान तेवढे तरी करायला हवे.

नोकरीवर असलेल्या ड्रायव्हरसाठी मात्र महाराष्ट्रात आधार आहे. कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांसाठीच्या 1971 च्या अधिनियमातील चौथ्या अनुसूचीत दोन गोष्टींना अनुचित प्रथा म्हटले आहे: नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पायदळी तुडवून किंवा अवाजवी घाईने चौकशी करून कामगाराला काढणे, आणि किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, त्याची पूर्वीची सेवा न पाहता, धक्कादायक वाटावी इतकी जबर शिक्षा म्हणून त्याला काढणे. वर्षानुवर्षे बिनडाग गाडी चालवलेल्या माणसाला एका न कळवलेल्या थांब्यासाठी बडतर्फ केले, तर त्याचे प्रकरण या दुसऱ्या वर्णनात बसू शकते. त्यासाठी घटनेपासून 90 दिवसांच्या आत कामगार न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. तिच्यासोबत त्या दिवसाची ट्रिपशीट, चलनाची प्रत आणि कार्यालयाला केलेल्या फोनची मोबाईलमधली यादी जोडावी, आणि माल घेणाऱ्या गोदामाची आवक नोंदवही न्यायालयामार्फत मागवून घेण्याचा अर्ज करावा.